वरणात पडलेला तामडा

माझं अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट कळत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातही सुगीच्या दिवसांत घरीच राहायचे. तेव्हा चुकांची माफी आधीच मागते. लिहिते ते पोरीच्या जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानांवर. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच तर हसायला हरकत नाही, फक्त माझ्यासमोर हसू नये. चारचौघांत कुणी नाव विचारलं तरी माझा पदर तोंडाशी जातो. लिहिताना मात्र कुणी बघत नसतं.

आम्ही भोकरला राहतो. घरात तिघी बायका: मी, सासूबाई आणि पोरगी. मालक लातूरला डाळीच्या मिलमध्ये कामाला आहेत, पंधरवड्याला येतात आणि येताना तूरडाळ आणतात. त्यामुळे आमच्याकडे वरण रोज. त्या वरणाचीच ही गोष्ट आहे. आणि दगडाची.

माझं माहेर शिरूर अनंतपाळकडचं. तिकडे जमीन काळी आणि दगडही काळा. सासूबाई उदगीरच्या, म्हणजे त्यांच्याकडेही तोच. लग्न होऊन इकडे आले तेव्हा मला इथल्या दगडांचं नवल वाटलं होतं. गुलाबी दगड, राखाडी दगड, लुगड्याच्या काठासारखे पट्टे असलेले दगड. मी एकदा सासूबाईंना म्हटलंही, "आत्याबाई, हे दगड कुणी रंगवलेत का?" त्या म्हणाल्या, "दगडाकडं बघत बसू नको, भाकर करपून राहिली."

पुढे पोरीने कॉलेजात दगडांचाच विषय घेतला. नांदेडला जाऊन-येऊन एमएस्सी करत होती. सासूबाईंना ते काही पटलं नव्हतं. "पोरी शिकून डॉक्टर व्हत्यात, मास्तरीण व्हत्यात. ही दगड फोडायला शिकून राहिली. त्यासाठी कालिज कशाला लागतंय?" पण नात घरी आली की तिची पिशवी आधी त्याच उघडायच्या. आज कुठला दगड आणला म्हणून.

शेवटच्या वर्षाला तिला प्रोजेक्ट होता. धाकट्या दिरांच्या शेतात विहीर खणत होते, सुरुंग लावून खडक काढत होते. तिथल्या ढिगात तिला एक पट्ट्यांचा दगड सापडला, मुठीपेक्षा थोडा मोठा. त्यात लाल दाणे होते, डाळिंबाचे बारके दाणे असतात तसे. ती नाचतच घरी आली. "आई, गार्नेट! एवढं मोठं गार्नेट इकडे कुणाला मिळालं नाही." तिच्या मॅडमनी दगड बघून त्या दाण्याला मराठीत तामडा म्हणतात असं सांगितलं. मला तेच नाव बरं वाटलं. मॅडम म्हणाल्या, याचा तुकडा हैदराबादला एका मोठ्या यंत्राखाली तपासून घेऊ, म्हणजे हा दगड जमिनीखाली किती खोल होता आणि किती तापला होता ते कळेल.

यंत्राचे पैसे आधी भरावे लागतात आणि तारीखही आधी घ्यावी लागते. पैसे आमच्याकडे नव्हते. मी बचत गटातून उचलले. गटाच्या बैठकीत मी कधी तोंड उघडत नाही, त्या दिवशी उघडलं. अध्यक्षीणबाईंनी कर्ज कशासाठी म्हणून विचारलं. मी म्हटलं, "दगडासाठी." सगळ्या बायका विहाराच्या ओट्यावर इतक्या हसल्या की मला खाली मान घालून बसावं लागलं. कर्ज मात्र दिलं.

हैदराबादला पाठवायची वेळ आली. त्याआधी नांदेडला मॅडमकडे दगड कापायला द्यायचा होता. पोरीने तो धुतला, सुकवला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि हाताशी असावा म्हणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला.

आता सासूबाईंच्या दगडाबद्दल सांगायला हवं. त्यांच्याकडे उदगीरहून आणलेला एक काळा दगड आहे, नदीत घासून गुळगुळीत झालेला. त्यांच्या आईची रीत अशी की वरणाला फोडणी द्यायची ती तापल्या दगडाची. दगड चुलीत लाल होईपर्यंत ठेवायचा, चिमट्याने उचलून मोठ्या लोखंडी पळीत घ्यायचा, त्यावर तेल, ठेचलेला लसूण, जिरं. तडतडलं की दगडासकट पळी वरणात बुडवायची आणि वर झाकण दाबायचं. असं वरण गॅसवर होत नाही. खरंच होत नाही, मी करून पाहिलंय. हा दगड तेलकट असतो, म्हणून सासूबाई तो कायम वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात. ठेवतात कुठे, तर त्याच फळीवर.

सकाळी पोरीला बसची घाई होती. तिने फळीवरची पुडी उचलली, पिशवीत टाकली आणि गेली.

दुपारी मी भाकरी थापत होते. सासूबाईंनी उरलेली पुडी सोडली आणि दगड चुलीत सरकवला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि चुलीपुढे धूर. मलाही बघायचं सुचलं नाही. रोजचंच काम, कोण बघतं! नंतर त्या म्हणाल्या, "मला हातात हलका लागला गं. पर म्हटलं, म्हातारपणी दगड बी हलका व्हतो का काय."

तिकडे नांदेडला पोरीने मॅडमसमोर टेबलावर पुडी सोडली. काळा कुळकुळीत, तेलाने चकाकणारा दगड निघाला आणि सगळ्या प्रयोगशाळेत लसणाचा वास सुटला. मॅडमनी तो नाकाशी धरला. म्हणाल्या, "हा तर आपला साधा काळा पाषाण. फोडणीचा का?" वर्गातल्या पोरी हसून हसून पडल्या. आमची पोर बाहेर पळाली आणि तिने मला फोन लावला.

फोन वाजला तेव्हा सासूबाईंनी पळी वरणात बुडवली होती.

"आई, माझा दगड कुठाय?"

मी फळीकडे बघितलं. फळी रिकामी. मग पातेल्याकडे बघितलं. तेवढ्यात पातेल्यातून 'टच्च' असा आवाज आला.

"आई, तो आवाज कसला?"

सासूबाईच ओरडल्या, "आगं, दगुड फुटला! उदगीरचा दगुड कधी फुटला न्हाई इतक्या वर्सांत!"

पोरीला सगळं तिथेच कळलं. ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून उभी. ती विहीर आता पाण्याने भरली होती आणि तिचा सगळा मलबा खडी करायला गेला होता. दुसरा असा दगड मिळणार नव्हता. दगडाशिवाय प्रोजेक्ट नाही, यंत्राची तारीख गेली की भरलेले पैसे गेले, आणि पोरीचं वर्षही. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सासूबाईंनी झाऱ्याने तुकडे बाहेर काढले. दोन मोठ्या फाका आणि बारीक कपऱ्या. फुटलेल्या जागी आतले लाल दाणे वरणाने ओले होऊन चमकत होते. त्या डोळ्यांशी नेऊन बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डाळिंब फुटल्यावानी दिसतंय. लई सुंदर हाय गं. आपण काय केलं हे?"

ते वरण कुणी खाल्लं नाही. म्हशीपुढे ठेवलं तर तिनेही तोंड फिरवलं.

आता तुकडे धुवायचे की नाही, हा प्रश्न पडला. पोर रागात होती, फोन उचलत नव्हती. मॅडमना विचारायची माझी हिंमत नाही. धुतल्याने आणखी काही बिघडलं तर? म्हणून मी ते न धुता, वरणासकट, स्टीलच्या डब्यात घातले आणि झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी नांदेडच्या बसमध्ये बसलो. रात्री घरी आलेली पोर म्हणत होती, मी एकटी जाते. सासूबाईंनी पायांत चपला घातल्यासुद्धा होत्या. "भाजला मी, तू का बोलणी खाशील? मी सांगते त्या बाईला." मला कुणी विचारलंच नाही. डबा माझ्या मांडीवर होता, म्हणून मी गेले.

मॅडम वयाने माझ्याएवढ्याच असतील. साधी सुती साडी, हाताला दगडाची पूड. मी दारातच थांबले. सासूबाई सरळ टेबलापाशी गेल्या.

"बाई, तुमचा दगुड मी भाजला. काय शिक्षा हाय ती मला करा. पोरीला बोलू नका."

मॅडमनी आधी त्यांना खुर्ची दिली, मग डबा उघडला. रात्रभरात वरण आंबलं होतं. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, एवढं मी बघितलं.

"किती वेळ होता चुलीत, आजी?"

"भाकरी व्हईस्तोवर."

"जळण कसलं?"

"तुराट्या आन् बाभळीचं लाकूड. बाभळीचा इंगळ लई कडक असतोय."

मॅडमनी तुकडे धुतले, भिंग लावून फिरवून फिरवून बघितले. पोर ओठ चावत उभी. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. मी दाराआड सरकणार होते, पण त्यांनी विचारलंच, "ताई, कुकरमधलं वरण आणि उघड्या पातेल्यातलं वरण, खाल्ल्यावर ओळखू येतं का?"

मी मान हलवली.

"डाळ तीच, पाणी तेच, तरी?"

"कुकरचं मऊ होतं. दाबाने." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, त्यांना मात्र आला.

"बरोबर. जमिनीखाली असंच असतं. माती तीच, पण दाब किती, ताप किती, त्यावर आत कुठले दाणे तयार होणार ते ठरतं. कमी तापाला एक दाणा, जास्त तापाला दुसरा. आणि हा तामडा एकदम होत नाही. मधून सुरू होतो आणि थरावर थर चढत जातात. प्रत्येक थर त्या त्या वेळच्या दाबाचा आणि तापाचा. म्हणून मधून कडेपर्यंत तपासत गेलं की दगड कुठे कुठे गेला होता ते कळतं."

"आन् माझ्या चुलीचा ताप बी चढला आसंल की त्याच्यावर," सासूबाई म्हणाल्या.

मॅडम हसल्या. "तेच बघायचंय. आजी, या दाण्याच्या आतलं सामान इकडचं तिकडे व्हायला लाखो वर्षं लागतात, तेही सारखा ताप असेल तर. तुमच्या भाकरी होईपर्यंत त्याला कळलंसुद्धा नसेल. वरचा अभ्रक थोडा तांबूस झालाय, तेवढा भाग सोडून देऊ. मला भीती दुसरीच आहे. दगड आतून तडकलाय. कापताना भुगा झाला तर काही हाती लागणार नाही."

दगडाची चकती कापतात, मग ती घासून घासून इतकी पातळ करतात की तिच्यातून उजेड आरपार जातो. मला हे आधी खोटंच वाटलं होतं. पहिली चकती घासताना खरोखरच भुगा झाली. पोरीने फोनवर सांगितलं. सासूबाईंनी चूलच पेटवली नाही, गॅसवरचं वरण गुपचूप खाल्लं. दुसऱ्या फाकेला मॅडमनी आधी पातळ गोंदासारखं काहीतरी पाजलं, फटींमध्ये मुरू दिलं, वाळवलं आणि मग पोरीला म्हणाल्या, आता तूच काप.

ती चकती टिकली.

पोरीने मला मुद्दाम बोलावून नेलं. सूक्ष्मदर्शकात एक डोळा घालून बघायचं, दुसरा मिटायचा. मला दुसरा मिटता येईना, मी तो हाताने झाकला. आत तामडा फिक्कट गुलाबी दिसत होता, भेगा पडलेला, पण गोल, साबूत. त्याच्या पोटात बारीक बारीक दाण्यांची एक ओळ होती, चकलीसारखी वळलेली. पोर म्हणाली, "वाढताना तो फिरत होता, आई. वाढता वाढता बाजूचे दाणे गिळत गेला." मग तिने एक खटका फिरवला. आजूबाजूचं सगळं निळं, पिवळं, जांभळं झालं आणि तामडा मधे काळा ठिक्कर पडला. मी घाबरून बाजूला झाले. मला वाटलं, मीच काहीतरी बिघडवलं. पोर म्हणाली, "नाही गं, तामडा असाच असतो. बाकीचे रंग दाखवतात, तो दाखवत नाही." मला तो तामडा तेव्हापासून जास्त आवडतो.

चकती हैदराबादला वेळेत पोचली. मग वाट बघणं. कागद आले त्या दिवशी मी पीठ मळत होते. पोरीने परातीतल्या पिठाचा गोळा चपटा केला आणि त्यावर बोटाने गोल काढले, एकात एक.

"हे मधलं. इथे मँगनीज जास्त आहे, म्हणजे सुरुवातीला ताप कमी होता. मग बाहेर बाहेर येत गेलं की ते कमी होतं आणि दुसरं वाढतं. म्हणजे दगड खोल गेला, दाब वाढला, तापत गेला. आणि ही अगदी कडेची बारीक रेघ उलटी आहे. म्हणजे इथून तो वर यायला लागला."

"आन् चूल?" सासूबाईंनी विचारलं.

"चूल कुठेच नाही, आजी."

सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. मग म्हणाल्या, "म्हंजी तो खाली सासरी गेला, तिथं तापला, दाबला, आन् मग वर माहेरी आला."

"हाव, तसंच," पोर हसत म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

माझ्या मनात एक प्रश्न होता. मॅडमसमोर विचारला नव्हता, तो आता विचारला. "मग वर येताना तो परत पहिल्यासारखा का नाही झाला? ताप उतरला, दाब उतरला, तर जुनं सगळं पुसायला हवं ना?"

"उलटं शिजायला पाणी लागतं. पाणी तापतानाच निघून गेलेलं असतं. म्हणून जे झालं ते तसंच राहतं, थोडंफार सोडलं तर."

"पाण्याची टंचाई तिथं बी हाय म्हण की," सासूबाई म्हणाल्या आणि पिठावरचे गोल मोडून भाकरी थापायला घेतली.

प्रोजेक्टमध्ये खरं ते लिहायचं, असं मॅडमनी बजावलं होतं. पोरीला लाज वाटत होती. शेवटी तिने लिहिलं की हा नमुना घरगुती चुलीत चुकून तापला होता, तापलेली कड अशी दिसते आणि आतला भाग असा. दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर सगळं वाचून म्हणाले, "एकच प्रश्न राहिला. वरण कसं झालं होतं?" तिने म्हशीचं सांगितलं. पास झाली, चांगली पास झाली.

उदगीरचा दगड बरेच दिवस कॉलेजातच होता. मॅडमनी तो साबणाने धुऊन परत पाठवला. सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "सगळी चव घालवली बाईनं." आता त्याला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावलाय आणि तो फळीवर नाही, चुलीशेजारच्या कोनाड्यात असतो. दगडांच्या पुड्या आता कुणी बांधत नाही. तामड्याची एक फाक कॉलेजच्या कपाटात आहे. दुसरीचा राहिलेला तुकडा पोरीने आजीला दिला. त्या तो उशाशी ठेवतात आणि शेजारणी आल्या की दाखवतात. "ह्यो जमिनीखाली लई खोल जाऊन आला. आन् माझ्या चुलीतनं बी."

पोरीला पुढे लातूरकडे काम मिळालं. बोअर कुठे घ्यायचा, पाणी किती खोल आहे, ते बघायचं काम. काळ्या दगडाचा मुलूख, म्हणजे माझ्या माहेरचाच. राहते बापाजवळ, मिलच्या मागच्या खोलीत. तोवर गटाचे हप्ते मी कापूस वेचून आणि शेवया करून भरत होते, कधी वेळेवर, कधी उशिरा. पहिला पगार झाल्यावर ती घरी आली आणि उरलेली सगळी रक्कम तिने माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, थोडे तुला ठेव, पुढच्या महिन्यात देऊ. ती म्हणाली, "नको आई. दगडाचं एकदाचं फिटू दे."

बैठकीच्या दिवशी मी नेहमीसारखी कडेला बसले. माझं नाव पुकारलं तशी उठले आणि पैसे अध्यक्षीणबाईंसमोर ठेवले. त्यांनी मोजले, परत मोजले, चष्म्यावरून बघितलं. "सगळेच?"

"सगळेच," मी म्हटलं. पदर तोंडाशी गेला नाही, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "आता पुढचं कर्ज कशासाठी गं, धोंड्यासाठी का?" ओटा पुन्हा हसला. या वेळी मीही हसले. अध्यक्षीणबाईंनी माझ्या नावापुढे आडवी रेघ मारली, मी तिच्याखाली सही केली, अक्षर जसं आहे तसं, आणि कर्ज फिटलं.